आतला शेक आणि शेजारचे अवयव

प्रोस्टेट ही ग्रंथी फार अडचणीच्या जागी बसलेली आहे. वर मूत्राशय, मागे गुदाशय, दोन्ही कडांना लिंगाच्या ताठरतेचं काम पाहणाऱ्या नसांचे जुडगे आणि भरीस भर म्हणून लघवीची नळी थेट ग्रंथीच्या पोटातूनच गेलेली. तरुणपणी तिचं वजन वीस ग्रॅमच्या आसपास असतं. तिची मागची बाजू आणि गुदाशयाची पुढची भिंत यांच्यात पुष्कळदा दोन-तीन मिलिमीटरच अंतर असतं आणि कर्करोग बहुतेक वेळा याच मागच्या, कडेच्या भागात सुरू होतो. म्हणून तर डॉक्टरांना गुदद्वारातून बोट घालून गाठ चाचपता येते. निदानाला जी जवळीक सोयीची, तीच उपचाराच्या वेळी घात करते.

नांदेड-लातूरकडे हा आजार निघाला की घरच्यांच्या कानावर साधारण तीन गोष्टी पडतात: ऑपरेशन, हार्मोनची इंजेक्शनं आणि ‘लाईट’, म्हणजे मशीनने बाहेरून दिलेले किरण. चौथी गोष्ट, किरणोत्सारी पदार्थ ग्रंथीच्या आतच नेऊन ठेवायची, म्हणजे ब्रॅकीथेरपी, हिचं नाव फारसं निघत नाही. गंमत अशी की हेच नाव याच भागातल्या कितीतरी बायकांच्या फाइलवर लिहिलेलं असतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरची लाईट झाल्यावर आतून शेक द्यायचा, ही रुळलेली पद्धत आहे. त्यासाठी जे यंत्र लागतं, जो इरिडियमचा स्रोत लागतो, तोच प्रोस्टेटलाही चालतो. कमी पडतं ते दुसरंच: गुदाशयातून पाहणारा अल्ट्रासाउंडचा प्रोब, सुयांची जाळी, भूल देणारे डॉक्टर, किरणांचा हिशेब मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ आणि या सगळ्यांचा एकत्र सराव. मला विचाराल तर शेजारच्या अवयवांची इजा कमी करण्याचं बहुतेक श्रेय या सरावालाच जातं. यंत्राचं मॉडेल कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी आतून शेक देण्यामागचा हिशेब बघू. बाहेरून येणारा किरण एका बाजूने शरीरात शिरतो, गाठीतून जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो; वाटेत जे येईल त्याला थोडा ना थोडा प्रसाद मिळतोच. आजची यंत्रं अनेक कोनांतून किरण सोडून हा प्रसाद विखरून टाकतात, पण तो शून्य होत नाही. स्रोत आतच असला की गणित बदलतं. हिवाळ्यात शेतात शेकोटीभोवती बसणाऱ्याला नियमाचं नाव माहीत नसतं, पण जरा मागे सरकलं की धग कशी झपाट्याने उतरते हे पक्कं ठाऊक असतं. किरणांचंही तसंच. स्रोतापासून एक सेंटिमीटरवर जी मात्रा, तिची दोन सेंटिमीटरवर चौथाई होते आणि तीन सेंटिमीटरवर नववा हिस्सा उरतो. म्हणून ग्रंथीच्या आत प्रचंड मात्रा देऊनही मूत्राशयाचा वरचा भाग किंवा मांडीचं हाड जवळजवळ सुटतं. पण हा नियम दुधारी आहे. सुई तीन मिलिमीटर मागे सरकली, तर गुदाशयाच्या भिंतीला तोच नियम उलटा लागू होतो.

आतून शेक देण्याचे दोन प्रकार आहेत. एकात आयोडीन-१२५ भरलेले बारीक दाणे, साधारण सत्तर ते शंभर, ग्रंथीत कायमचे ठेवून देतात. या आयोडीनचं अर्धायुष्य सुमारे साठ दिवसांचं. वर्षभराने मूळ जोराचा दीड टक्काही उरत नाही. त्याचे किरण इतके मवाळ असतात की बरेचसे आसपासच्या पेशींतच जिरतात. दुसऱ्या प्रकारात काहीच मागे राहत नाही. ग्रंथीत पंधराएक पोकळ सुया घालतात, त्या नळ्यांनी यंत्राला जोडतात आणि पोलादी तारेच्या टोकाला जोडलेला इरिडियम-१९२चा स्रोत, जेमतेम साडेतीन मिलिमीटर लांबीचा, एकेका सुईत शिरून ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो आणि परत फिरतो. कुठे किती थांबायचं हे संगणक ठरवतो आणि त्या वेळी खोलीत रुग्णाशिवाय कोणीही नसतं. इरिडियमचं अर्धायुष्य ७४ दिवसांचं, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी नवा स्रोत आणावा लागतो. लहान गावात हे यंत्र चालवणं महाग का पडतं, त्याचं हे एक कारण. पाच रुग्ण असोत की पन्नास, इरिडियम आपलं झिजतच असतं.

कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०१ साली पिएर क्यूरी यांनी पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या दांलो या डॉक्टरांना त्वचारोगावर वापरून पाहायला थोडं रेडियम दिलं, तिथून ही शाखा सुरू झाली. पुढच्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात बेंजामिन बॅरिंजर यांनी रेडियमच्या सुया प्रोस्टेटमध्ये टोचल्या, गुदाशयात घातलेल्या बोटाच्या अंदाजाने. त्याच रुग्णालयात १९७०च्या दशकात विलेट व्हिटमोर यांनी पोट उघडून आयोडीनचे दाणे पेरले, तेही हाताच्या अंदाजानेच. कुठे दाण्यांची गर्दी झाली, कुठे भाग कोरडाच राहिला. जिथे कोरडा राहिला तिथे रोग परतला आणि पद्धत बदनाम झाली. कोणी म्हणालं आयोडीन कुचकामी आहे. दोष आयोडीनचा नव्हता, दिसत नव्हतं हा होता. १९८३ साली डेन्मार्कमधल्या हान्स हेन्रिक होल्म यांनी गुदाशयातून अल्ट्रासाउंड लावून, पडद्यावर बघत बघत सुया घालण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टरांनी ती रुळवली. प्रोस्टेटची आजची सगळी ब्रॅकीथेरपी त्या पडद्याचंच लेकरू आहे.

आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आयोडीन-१२५चे देशी दाणे बनवले. त्यांचं नाव ‘ऑक्यु-प्रोस्टा’, कारण डोळा आणि प्रोस्टेट अशा दोन्हींसाठी ते योजले होते. चांदीच्या तारेवर आयोडीन बसवायचं, ती तार टायटॅनियमच्या कुपीत घालायची आणि लेसरने कुपीचं तोंड जोडायचं. पुरा दाणा पावणेपाच मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर जाड. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात ते डोळ्याच्या कर्करोगावर वापरले गेले.

आता ऑपरेशन थिएटरात. आदल्या रात्री हलकं जेवण, सकाळी एनिमा; गुदाशयात मळ आणि वायू असले की अल्ट्रासाउंडला धुकं दिसतं. पाठीत भूल दिलेली. पाय वर, आधारांवर बांधलेले. वृषणकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीला टेकवून एक प्लॅस्टिकची जाळी लावलेली असते. तिच्यावर पाच-पाच मिलिमीटरवर भोकं, उभ्या ओळींना अक्षरं, आडव्यांना आकडे. गुदाशयात प्रोब. तो एका चौकटीवर बसवलेला असतो आणि हँडल फिरवलं की पाच मिलिमीटर पुढे-मागे सरकतो, म्हणजे ग्रंथीचा एकेक काप पडद्यावर येतो. लघवीच्या नळीत कॅथेटर असतो. त्यातल्या पाण्याने ती नळी पडद्यावर नीट उमटत नाही, म्हणून हवेचे बुडबुडे घुसळलेली जेली भरतात. बुडबुडे पांढरे चमकतात आणि कुठे जायचं नाही ते कळतं. सुई आत येताना पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसतो. ऊतक सुईच्या धक्क्याने मागे ढकललं जातं, सुई किंचित वाकते, ठिपका दोन मिलिमीटर डावीकडे उमटतो. मग सुई मागे घ्यायची, फिरवायची, पुन्हा ढकलायची. हात कसा बसला आहे ते इथे दिसतं.

सुरुवातीच्या काळात दाणे संपूर्ण ग्रंथीत सारख्या अंतरावर पेरत. वरवर पाहता हे न्याय्य वाटतं, पण चारी बाजूंच्या दाण्यांचा शेक मध्यात येऊन साठतो आणि मध्यात कोण आहे, तर लघवीची नळी. तिला ठरल्याच्या दुप्पट मात्रा मिळायची. मग लघवीची आग, अडकणं, वर्षा-दोन वर्षांनी नळी आकसणं. आता बहुतेक स्रोत कडेने मांडतात आणि मधला भाग जाणूनबुजून विरळ ठेवतात. आयोडीनच्या कायम दाण्यांसाठी ठरलेली मात्रा १४५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). युरोपीय तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार नळीच्या सर्वांत तापणाऱ्या दहा टक्के भागालाही या मात्रेच्या दीडपटीपेक्षा कमीच मिळायला हवं. गुदाशयाच्या सर्वांत तापणाऱ्या दोन घन सेंटिमीटर भागाला १४५ ग्रेपेक्षा जास्त नको. सरासरीवर समाधान मानायचं नाही, जिथे सर्वांत जास्त भाजेल तो लहानसा भाग मोजायचा, हा त्या आकड्यांचा अर्थ. भिंतीला भोक पडतं ते सरासरी मात्रेने पडत नाही.

इरिडियमच्या पद्धतीत जुन्या वळणाच्या विभागांत आणखी एक घोळ होता. सुया थिएटरात घालायच्या, मग स्ट्रेचरवरून सीटी स्कॅनला न्यायचं, दोन-तीन तास हिशेब मांडायचा आणि मग तिसऱ्या खोलीत शेक द्यायचा. या प्रवासात पाय खाली येतात, आतला भाग सुजतो, सुया हळूहळू बाहेरच्या दिशेला घसरतात. कधी काही मिलिमीटर; मात्रा दोन दिवसांत विभागून दिली तर कधी सेंटिमीटरच्या घरातही. कागदावर योजना सुंदर असते, पण शेक ग्रंथीच्या वरच्या टोकाला कमी आणि खाली, जिथे नको तिथे, जास्त पडतो. यावर उपाय दोन: शेक देण्याआधी पुन्हा चित्र काढून सुया जागेवर आणायच्या, किंवा सगळं एकाच टेबलावर उरकायचं. सुई घालायची, अल्ट्रासाउंडवरच हिशेब मांडायचा आणि रुग्णाला न हलवता तिथेच शेक द्यायचा. अनेक ठिकाणी शेक सुरू करण्याआधी प्रोबही किंचित मागे घेतात, कारण तो स्वतःच गुदाशयाची भिंत ग्रंथीवर दाबत असतो.

गुदाशयासाठी अलीकडे जे नाव ऐकू येतं ते ‘स्पेसर’चं. प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्या मधल्या चरबीच्या पातळ पदरात आधी सलाइन सोडून जागा करायची आणि मग दोन द्रव एकत्र टोचायचे. काही सेकंदांत त्यांची मऊ जेली होते आणि भिंत साधारण एक सेंटिमीटर मागे ढकलली जाते. जेली तीन महिने टिकते आणि नंतर काही महिन्यांत शरीरात विरघळून जाते. अमेरिकेत २०१५ साली तिला मान्यता मिळाली, ती २२२ रुग्णांवरच्या चाचणीनंतर. मात्र ती चाचणी बाहेरून दिलेल्या किरणांची होती, हे जाहिरातीत मागे पडतं. वर सांगितलेला अंतराचा नियम आठवला तर एक सेंटिमीटर म्हणजे केवढं दान आहे ते कळतं. पण जेली चुकून गुदाशयाच्या भिंतीतच टोचली गेली तर भिंतीला व्रण पडतो, अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. शिवाय अमेरिकेतच तिचा खर्च काही हजार डॉलरांच्या घरात आहे. ज्या विभागात सुया जागेवर पडतात, तिथे मी जेलीसाठी जमीन गहाण ठेवायचा सल्ला कोणाला देणार नाही. ज्या विभागात सुया जागेवर पडत नाहीत, तिथे जेली काय करणार?

इजा टाळायची म्हणून मात्रा सरसकट उतरवावी, असंही चालत नाही. कॅनडात टोरंटोच्या सनीब्रुक केंद्रात १७० रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना इरिडियमचा एकच १९ ग्रेचा शेक, अर्ध्यांना साडेतेरा ग्रेचे दोन. एकाच खेपेत काम उरकणं किती सोयीचं! पण पाच वर्षांनी पीएसए, म्हणजे रोगाची चाहूल देणारा रक्ततपासणीतला आकडा, काबूत राहिलेल्यांचं प्रमाण एकाच खेपेच्या गटात ७३.५ टक्के होतं आणि दोन खेपांच्या गटात ९५ टक्के. उलट दिशेचा धडाही कॅनडातूनच आला. बाहेरच्या किरणांना आयोडीनच्या दाण्यांची जोड दिली तेव्हा रोग अधिक काबूत राहिला, पण लघवीचे गंभीर त्रास पाच वर्षांत १८ टक्क्यांवर गेले. नुसत्या बाहेरच्या किरणांत ते ५ टक्के होते. हे दोन्ही आकडे टेबलावर मांडल्याशिवाय रुग्णाकडून सही घेऊ नये.

आणि मोजणीच थांबली तर काय होतं ते फिलाडेल्फियातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात दिसलं. २००२ ते २००८ या काळात तिथे शंभराहून थोड्या जास्त माणसांच्या प्रोस्टेटमध्ये दाणे पेरले गेले. त्यांतल्या नव्वदहून अधिक जणांना चुकीची मात्रा मिळाली होती. काहींचे दाणे मूत्राशयात किंवा गुदाशयाजवळ गेले होते. दाणे पेरल्यावर सीटी स्कॅन काढून प्रत्यक्षात कुठे किती मात्रा पडली ते तपासायचं असतं. तिथल्या संगणकाची जोडणी वर्षभराहून अधिक काळ बिघडली होती, तरी दाणे पेरणं चालूच राहिलं. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने २०१० साली २ लाख २७ हजार ५०० डॉलरांचा दंड केला. उपकरणं सगळी होती, देशही श्रीमंत होता.

आता परत गोदावरी-मांजरेच्या मुलखात, नांदेड-लातूरकडे. हैदराबादचा कर्करोग दवाखाना, आजची एमएनजे संस्था, १९५५ साली सुरू झाला तेव्हा नांदेड हैदराबाद राज्यातच होतं आणि आजही रेल्वेने हैदराबाद गाठणं नांदेडकराला मुंबईपेक्षा जवळचं आहे. लातूरकरांसाठी शंभरेक किलोमीटरवर बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आहे. बार्शीतच १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तीत मराठवाड्यातले भूम आणि परांडा हे तालुकेही होते. उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शी आणि टाटा रुग्णालय यांच्या मदतीने १ लाख ३१ हजार ७४६ बायकांवर झालेली गर्भाशयमुखाच्या तपासणीची चाचणी २००९ साली जगभर गाजली. लातुरात विवेकानंद रुग्णालय १९६६पासून उभं आहे आणि पुढे त्याचं कर्करोग रुग्णालयही झालं. छत्रपती संभाजीनगरात सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. म्हणजे कर्करोगाच्या कामाची परंपरा इथे नवी नाही. पुरुषांच्या या आजाराकडे लक्ष मात्र उशिरा वळलं.

राष्ट्रीय नोंदणीच्या २०१२ ते २०१६ या काळातल्या आकड्यांत उस्मानाबाद-बीडच्या पुरुषांचा कर्करोगाचा दर लाखामागे ३९.५ आहे, सगळ्या नोंदणीक्षेत्रांत सर्वांत कमी. मिझोरामच्या ऐझॉलमध्ये तो २६९.४ आहे. आपल्याकडची माणसं सुखी आहेत असा अर्थ यातून काढायचा मोह होतो. पण प्रोस्टेटचा कर्करोग हा शोधला तरच सापडणारा आजार आहे. रात्रीतून चार वेळा लघवीला उठणाऱ्या आजोबांना ‘वय झालं’ असं सांगून गप्प बसवलं जातं आणि कंबर धरल्यावर, हाडात रोग उतरल्यावर, पीएसएची चिठ्ठी लिहिली जाते. त्या टप्प्यावर ब्रॅकीथेरपीने रोग बरा करण्याची वेळ टळून गेलेली असते. ती रोग ग्रंथीत किंवा तिच्या लगत असेपर्यंतचीच आहे.

जे वेळेत येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची आधी दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडण्याची शस्त्रक्रिया झालेली असते आणि त्या खरवडीतच कर्करोग निघतो. अशा ग्रंथीत मध्ये खड्डा असतो. खड्डा मोठा असला तर दाणे धरून ठेवायला मांसच उरत नाही आणि नंतर लघवीवरचा ताबा जाण्याचा धोका वाढतो. म्हणून जुन्या शस्त्रक्रियेचे कागद घरी पत्र्याच्या पेटीत ठेवून दवाखान्यात जाऊ नये. ग्रंथी फार मोठी असेल, लघवीची धार आधीच अडखळत असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हेही आधी सांगावं लागतं.

मग करावं काय? माझं मत साधं आहे. ग्रंथीपुरत्या पण जोरकस रोगासाठी बाहेरची लाईट घराजवळ, चित्र पाहून नेम धरणाऱ्या यंत्रावर घ्यावी आणि आतल्या शेकाची जोड द्यायचीच असेल तर जिथे हे काम नेहमी होतं तिथे त्या एका खेपेसाठी जावं. तसं जमत नसेल तर नवख्या हाताने केलेल्या ब्रॅकीथेरपीपेक्षा चांगली बाहेरची लाईट बरी. डॉक्टरांना संकोच न करता विचारावं: प्रोस्टेटच्या सुया तुमच्याकडे महिन्याला किती जणांना घालतात, सुया घातल्यावर पुन्हा चित्र काढता का, गुदाशयाला किती मात्रा पडली ते लिहून मिळेल का. पैशाचं म्हणाल तर २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होतं; आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ज्या दवाखान्यात जायचं तिथे हा उपचार योजनेत बसतो का आणि खिशातून काय द्यावं लागेल, हे योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावं.

घरी परतल्यावरचा भाग राहिला. पहिल्या काही आठवड्यांत लघवी अडकली तर गावातल्या डॉक्टरांनी कॅथेटर घालून धीर धरायचा. पुन्हा दुर्बिणीतून खरवडायची घाई केली तर ताबा कायमचा जाऊ शकतो. वर्ष-दीड वर्षाने संडासवाटे थोडं रक्त दिसू शकतं. माणूस घाबरतो, जवळच्या तज्ज्ञाकडे जातो, दुर्बिणीत गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर लालसर चट्टा किंवा व्रण दिसतो आणि दुसरा कर्करोग तर नव्हे या शंकेने तिथला तुकडा काढला जातो. किरणांनी रक्तपुरवठा आटलेल्या त्या भिंतीला झालेली जखम भरत नाही. गुदाशय आणि लघवीची नळी यांच्यात आरपार भोक पडतं आणि मग पोटावर पिशवी लावायची वेळ येते. उपचाराच्या दिवशी टाळलेली इजा अशी दीड वर्षाने हाताने ओढवून घेतली जाते. बहुतेक वेळा हे रक्त आपोआप किंवा औषधी एनिमाने थांबतं, नाही थांबलं तर अर्गॉन वायूच्या झोताने रक्तवाहिन्या बंद करता येतात. ब्रॅकीथेरपी झालेल्याच्या डिस्चार्ज कार्डावर म्हणून दोन ओळी ठळक लिहून घ्याव्यात: गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढू नये, आणि काही करण्याआधी किरणोपचार विभागाला फोन करावा. फोन नंबर त्याच कार्डावर, त्याच दिवशी.